एमएक्स-५ विकणे आहे

माझदाची एमएक्स-५ अखेर विकायला काढली. पहिल्या पिढीची, १.६ लिटरची, वजन टनाच्या आत. १९८९ साली आलेल्या या गाडीला ताकदीचा तोरा कधीच नव्हता, म्हणूनच ती वळणावर हातात राहते. केंटमधल्या ब्रँड्स हॅच ट्रॅकवर पॅडॉक हिलचं वळण उतारावर घेताना पोटात जो गोळा येतो, तो जाहिरातीत कसा लिहायचा?

रोल बार, बकेट सीट, उंची बदलता येणारं सस्पेन्शन, जास्त उष्णता सोसणारे ब्रेक पॅड, सगळं मी नंतर बसवलेलं. खर्चाची वही आज उघडली आणि लगेच मिटली. बाजारात मूळ रूपातल्या गाडीला मान, बदललेलीकडे संशयाने बघणार. ट्रॅकवर पळालीय म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं. खरं तर अशा गाडीचं इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल मुदतीआधीच बदललं जातं. पण पटवणार कोणाला?

आई पुण्याहून फोनवर म्हणाली, "दोन सीटांची गाडी ती! जाऊ दे एकदाची."

मूळ सीट आणि स्प्रिंगा जपून ठेवल्यात, त्याही सोबत देईन. घासाघीस चालेल. नुसती गॅरेजात झाकून ठेवणाऱ्याला मात्र विकणार नाही.