निगेटिव्ह रिपोर्टनंतर

भाचा अठरा महिन्यांचा झाला आणि त्याचा शेवटचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह. मामेबहिणीने आधी त्याचा फोटो पाठवला, मागोमाग व्हॉइस नोट. चाळीस सेकंदांच्या त्या नोटमध्ये ती फक्त रडत होती. (तिने हे लिहायला हो म्हटलंय, नाव-गाव सोडून.)

गरोदरपणात तिसऱ्या महिन्यात तिला एचआयव्ही असल्याचं कळलं. त्याच आठवड्यात गोळ्या सुरू झाल्या. रोज एक, ठरलेल्या वेळी. बाळाला जन्मापासून नेव्हिरापीनचं सायरप. काहीच औषध नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. नीट उपचार झाले तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. सहा आठवड्यांचा असताना त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतले. साधी चाचणी इथे चालत नाही, कारण आईच्या अँटिबॉडीज बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. म्हणून विषाणूचं जनुकीय द्रव्यच शोधावं लागतं. आपल्या सरकारी कार्यक्रमात ही सोय २०१० पासून आहे. तरी दीड वर्षाच्या शेवटच्या चाचणीपर्यंत जीव टांगणीला असतोच.

आमच्या ऑफिसच्या भाषेत, तिकीट क्लोज झालं. घरात पेढे वाटले, कशाचे ते न सांगता.

पण दोन वर्षं पूर्ण झाली तरी पोरगा तीनच शब्द बोलायचा. ‘मम’, ‘भू-भू’ आणि ‘नाय’. बहिणीने फोनवर विचारलं, "दादा, रिपोर्ट चुकला असेल का रे?"

रिपोर्ट बरोबरच होता. मी डॉक्टर नाही, पण शोधनिबंध वाचता येतात आणि मला रात्री झोप कमीच लागते. आधी वाचलं ते लागण झालेल्या बाळांबद्दल. हा विषाणू मेंदूत फार लवकर शिरतो. तो थेट न्यूरॉनमध्ये जात नाही, मेंदूतल्या पहारेकरी पेशींमध्ये ठाण मांडतो, आणि त्यातून जी सूज धुमसत राहते ती आसपासच्या पेशींना जाळते. तेही अशा वयात, जेव्हा मेंदू वाढीच्या सगळ्यात मोठ्या घाईत असतो. दोन वर्षांपर्यंत तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकाराचा होतो. दक्षिण आफ्रिकेत २००५ साली ‘चेर’ नावाची चाचणी सुरू झाली. सहा ते बारा आठवड्यांच्या लागण झालेल्या बाळांपैकी काहींना लगेच औषधं दिली, काहींना त्यावेळच्या पद्धतीप्रमाणे प्रकृती खालावल्यावर. लगेच औषध मिळालेल्या गटात मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले. नंतर त्यातल्या काही बाळांचा विकास तपासला, तेव्हा वर्षाच्या आसपास लवकर औषध मिळालेली बाळं पुढे होती. मेंदूच्या हिशोबात काही आठवडेही मोजले जातात, हे मला तिथे पहिल्यांदा आकड्यांत दिसलं.

मात्र आमच्या भाच्याला लागण नव्हतीच. त्याच्यासारख्या मुलांना संशोधक ‘एक्स्पोज्ड, अनइन्फेक्टेड’ म्हणतात, म्हणजे विषाणूच्या सावलीत वाढलेली पण लागण न झालेली. केपटाउनजवळच्या पार्ल भागात ड्राकेन्स्टाइन नावाचा मोठा अभ्यास चालतो. अशा मुलांमध्ये दोन वर्षांच्या वयात भाषा उशिरा येण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त आहे, असं त्यांनी २०१९ मध्ये मांडलं. समजण्यातही आणि बोलण्यातही. हे सरासरीचं बोलणं आहे. अशी पुष्कळ मुलं अगदी वेळेवर बोलतात. आणि कारण एकच असं काढता येत नाही. विषाणूमुळे आईच्या शरीरात झालेले बदल, औषधं, गरिबी, आईचं आजारपण, तिची उदासी, सगळं एकमेकांत गुंतलेलं.

हे वाचताना मला तिचं घर दिसत होतं. जावेला कळू नये म्हणून त्या घरात दोन वर्षं सगळे कुजबुजत होते. नवरा ऐकू येईल एवढंच बोलायचा. सासूबाईंनी नातवाची वाटी निगेटिव्ह रिपोर्टनंतरही वेगळीच ठेवली होती, आणि त्या त्याला कडेवर घ्यायच्या नाहीत. पोरगा गप्प राहावा म्हणून हातात मोबाइल. गुपित सांभाळणाऱ्या घरात बोलणंच कमी होतं. आणि मूल तर आपल्याशी बोललेलं ऐकूनच बोलायला शिकतं. मी व्हायरस शोधत बसलो असतो तर हे सुटलं असतं.

युगांडामध्ये मायकेल बोइविन यांच्या गटाने नेमकं इथेच काम केलं. खेड्यांतल्या, एचआयव्हीची सावली पडलेल्या घरांतल्या आयांना त्यांनी वर्षभर एक साधी गोष्ट शिकवली: अंघोळ घालताना, भरवताना, कपडे वाळत घालताना मुलाचं लक्ष वस्तूकडे न्यायचं, तिचं नाव सांगायचं, तो काही करेल तेव्हा कौतुक करायचं. पद्धत मूळची इस्रायलच्या प्निना क्लाइन यांची. महागडी खेळणी नाहीत, ॲप तर नाहीच. मुलांच्या विकासात फरक दिसला.

मी बहिणीला निबंध पाठवले नाहीत, जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीचा पत्ता पाठवला. ज्या मुलांचा विकास मागे पडतोय त्यांच्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही केंद्रं आहेत, आणि तिथे एचआयव्हीबद्दल जाहीर चर्चा करावी लागत नाही. तिथे आधी त्याचे कान तपासले. ते ठीक निघाले. मग थेरपिस्टने विचारलं, "दिवसभर याच्याशी कोण बोलतं?" बहीण काही बोलली नाही.

आता ती तांदूळ निवडताना त्याला समोर बसवते. "हा खडा. टाक." भांडी घासताना पातेली मोजते. मोबाइल कपाटावर. आठ महिन्यांत ‘पाणी दे’ आलंय, ‘मामा आला’ आलंय. वयाच्या मानाने अजून मागेच आहे, हे मला माहीत आहे, तिलाही.

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. या वेळी आजीलाही घेऊन या, असं थेरपिस्टने सांगितलंय. सासूबाईंनी अजून हो म्हटलेलं नाही.