शकुंतलेच्या धुरामागची माणसे

आमच्या मारेगावला रेल्वे नाही. शाळेत असताना आम्ही भावंडे बाबांबरोबर एस.टी.ने करंजीमार्गे यवतमाळला जायचो आणि तिथून मूर्तिजापूरच्या शकुंतलेत बसायचो. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेले. ज्या मुलखातल्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस जायचा, तिथूनच हे इंजिन आपल्याकडे आले!

आम्ही धूर बघायचो, बाबा फायरमनकडे बोट दाखवायचे. घामाने चिंब झालेला तो माणूस फावड्याने भट्टीत कोळसा टाकी, तेव्हा कुठे पाण्याची वाफ होई आणि चाके फिरत. १५ एप्रिल १९९४ ला ते इंजिन थांबले, डिझेल आले. आता ती गाडीही धावत नाही.

तिकडे वेल्समध्ये टॅलिलिन नावाची बंद पडायला आलेली छोटी रेल्वे १९५१ पासून हौशी लोकांनी जगवली आहे. सुट्टीच्या दिवशी ही मंडळी बिनपगारी कोळसा टाकतात, रूळ दुरुस्त करतात. आपल्या नागपुरातही मोतीबागेत २००२ साली नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय सुरू झाले. मुलांना तिथे जरूर न्यावे.

पण लोखंड जपले आणि माणसे विसरलो, असे होऊ नये. आपल्या वस्तीत कुणी जुने फायरमन, गँगमन, हमाल असतील तर त्यांच्याजवळ बसा, त्यांच्या आठवणी वहीत उतरवा. इंजिनावर कारखान्याचे नाव असते. कोळसा टाकणाऱ्याचे नसते. ते आपणच लिहायचे आहे.