उद्यासाठी अर्धे वाक्य

कादंबरीकार चारचौघांत सापडला, की त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "तुम्ही लिहिता केव्हा?" आणि दुसरा, "एवढी मोठी कादंबरी पुरी झाली म्हणजे केवढा आनंद होत असेल, नाही?" पहिल्या प्रश्नामागे अशी समजूत असते, की स्फूर्ती नावाची कोणी देवता अपरात्री येऊन लेखकाच्या हाती लेखणी देते. दुसऱ्यामागची समजूत अशी, की कादंबरी संपणे म्हणजे घरातले लग्न पार पडणे. ही दुसरी समजूत बरीचशी खरी आहे. फक्त वऱ्हाड निघून गेल्यावर लग्नघरातली संध्याकाळ कशी असते, हे विचारणाऱ्याच्या ध्यानात आलेले नसते.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर अगदीच गद्य आहे. माझी पहिली पाच पुस्तके नळाने लिहून घेतली.

खुलासा करतो. १९७४ पासून सतरा वर्षे आमचे बिऱ्हाड गिरगावातल्या एका चाळीत, दोन खोल्यांत होते. माणसे सहा. दिवसा कचेरी, संध्याकाळी आला-गेला, रात्री शेजारचा रेडिओ. लिहिण्यासाठी उरली ती पहाट. चारला उठून मी स्वयंपाकघरात दोन पाट घेई. एक बसायला, एक मांडीवर. चाळीस वॉटच्या दिव्याला वर्तमानपत्राची टोपी घातलेली असे, म्हणजे निजलेल्यांच्या डोळ्यांवर उजेड पडू नये. साडेपाचच्या सुमारास मोरीतला नळ खाकरू लागे. नळ खाकरला, की लेखणी खाली! पिंप, दोन घागरी आणि बादल्या भरण्याचे काम माझ्याकडे होते. नायिका विषाची बाटली हातात घेऊन उभी असली, म्हणून महापालिकेचे पाणी तिच्यासाठी थोडेच थांबणार? वाक्य असेल तिथे टाकून उठावे लागे.

प्रथम प्रथम याचा मला फार राग येई. पुढे मात्र एक गंमत ध्यानात आली. ते अर्धे वाक्य दिवसभर माझ्याबरोबर असे. कचेरीत खतावणी लिहीत असताना ते गालात धरलेल्या सुपारीसारखे मनात घोळत राही. दुसऱ्या दिवशी पाटावर बसलो, की आरंभ शोधावा लागत नसे. आरंभ कालचाच तयार असे. रोज दीड फुलस्केप, एवढाच माझा वेग. परंतु त्यात खंड पडत नसे.

अर्नेस्ट हेमिंग्वेची १९५८ साली छापून आलेली एक मुलाखत मी पुष्कळ वर्षांनी वाचली. पुढे काय घडणार हे ठाऊक असतानाच तो दिवसाचे लेखन थांबवीत असे. वाचून मी हसलो. एवढ्या मोठ्या लेखकाला जे विचारपूर्वक साधावे लागले, ते आमच्या चाळीत नळ फुकट शिकवीत होता.

अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराने तर घड्याळालाच गुरू केले होते. टपालखात्यातली नोकरी सांभाळून त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे. वेळेवर उठवून कॉफी द्यावी म्हणून एका नोकराला वर्षाला पाच पौंड जादा देई. घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द, असा त्याचा हिशेब. त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ साली, आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि त्यातला हा जमाखर्च रसिकांच्या पचनी पडला नाही. ज्यांना घरदार आणि नोकरी सांभाळून लिहावे लागते, त्यांना मात्र तो आपल्या गोतातला वाटेल. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक' या साप्ताहिकातून आठवड्याआठवड्याने वाचकांच्या हाती पडत. साप्ताहिक १८९० साली सुरू झाले. त्या काळी अंक निघण्याचा वार हाच हरिभाऊंचा नळ असला पाहिजे!

१९९१ मध्ये आम्ही बोरिवलीला राहायला गेलो. चोवीस तास पाणी, लिहायला खरेखुरे टेबल, दाराला कडी. आणि लिखाण अडले! हटकणारे कोणी नाही म्हणताना मी डोक्यातले सारे संपेपर्यंत लिहीत बसे आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या विहिरीत पोहरा सोडावा तसे होई. दोन महिने असे गेल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी निदान केले, "अहो, तुमचा नळ गेलाय." दुसऱ्या दिवसापासून बरोबर साडेपाचला ती खोलीत येऊन दिवा मालवू लागली. वाक्य कुठेही असो, पात्र कड्यावरून लोंबकळत असो, दिवा बंद! त्यानंतरची माझी चार पुस्तके तिच्या बोटाने लिहून घेतली, असे म्हटले पाहिजे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. पुस्तक संपते त्या दिवशी आमच्याकडे शिरा होतो. घरची माणसे मनापासून खूश असतात, कारण आता वाण्याची यादी वेळेवर पोहोचणार असते. शिरा मीही खातो. पण दुसऱ्या दिवशी पहाटे चारला सवयीने डोळा उघडतो आणि ध्यानात येते, की अर्धे वाक्य शिल्लक नाही. काल सगळीच वाक्ये पुरी झाली. पंधरा दिवस मग मी घरात कारण नसताना फिरतो, वाळलेले कपडे पुन्हा पुन्हा घड्या घालतो. माझ्या सहाव्या कादंबरीत एक खमक्या आत्याबाई होत्या. पुस्तक छापून झाले, तरी त्या काही गेल्या नाहीत. मंडईत भाव ऐकला, की आत्याबाई आता काय बोलल्या असत्या, हे मला आधी ऐकू येई. बायकोसुद्धा एकदा पिशवीत डोकावून म्हणाली, "आत्याबाईंनी ही वांगी घेतली नसती हो!"

ट्रॉलपचे असेच झाले. क्लबात दोन पाद्री त्याच्या मिसेस प्राउडी या पात्राला कंटाळल्याचे त्याच्या कानांवर आले. त्याने तिथल्या तिथे तिला मारून टाकण्याचे कबूल केले आणि १८६७ च्या कादंबरीत ते खरे करून दाखवले. पुढे त्याला त्याची रुखरुख लागली. दुःखावर त्याचा उपाय मात्र सोपा होता. 'डॉक्टर थॉर्न' संपवल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने पुढची कादंबरी सुरू केली.

हा उपाय मी आजवर आठ वेळा केला, थोड्या सवडीने का होईना. नवव्या पुस्तकानंतर मात्र अडलो. वय सत्त्याहत्तर. गेल्या वर्षी हृदयावर उपचार झाले. दीड फुलस्केपाचा वेग अर्ध्यावर आला आहे. या हिशेबाने दहावी कादंबरी तीन वर्षे तरी घेणार. मुलगा काळजीने म्हणाला, "बाबा, आता आराम करा. एवढं मोठं काम हाती घेता, आणि…" पुढचे त्याने बोलून दाखवले नाही. त्याचे तेही वाक्य अर्धेच राहिले. पण मला ते पुरे कळले.

मला डिकन्सची आठवण झाली. ८ जून १८७० या दिवशी तो नेहमीप्रमाणे लिहीत होता. संध्याकाळी कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. 'एडविन ड्रूड' ही कादंबरी जेमतेम अर्धी लिहून झाली होती. खुनी कोण, यावर आजही वाद चालतात. लोक हळहळतात, की बिचाऱ्याचे पुस्तक अपुरे राहिले. मला वाटते, त्या सकाळी त्याला टेबलाशी जाऊन बसायला कारण होते, ही काय लहान गोष्ट झाली?

हे सारे मी घरात बोललो नाही. बोलली ती आमची सौभाग्यवती. मुलाला म्हणाली, "अरे, संपवायचं म्हणून ते कधी बसले होते का? उठल्यावर बसायचं म्हणून बसतात." पन्नास वर्षांच्या संसारात माझ्या लेखनावर यापेक्षा नेमका अभिप्राय मला कोणी दिलेला नाही, समीक्षकांनी तर नाहीच. रोज पहाटे काहीतरी अपुरे टाकूनच मी उठत आलो आहे. एखाद्या दिवशी उठल्यावर पुन्हा बसणे झाले नाही, तर टाकलेल्या अर्ध्या वाक्यांत आणखी एकाची भर पडेल, इतकेच.

गेल्या महिन्यात नवी वही आणली. पहिले पान नेहमीप्रमाणे तीनदा फाडले. चौथे टिकले. आता बावीस पाने झाली आहेत. आज पहाटेही साडेपाचला दिवा मालवला गेला, तेव्हा वाक्य 'परंतु' या शब्दापर्यंत आले होते. त्याच्या पुढे काय आहे, ते मला ठाऊक आहे. पण ते उद्या!