पुढच्या उन्हाळ्यापुरती गाडी

बहरीनच्या हमद टाउनमध्ये पत्ता सांगताना रस्त्याचं नाव सहसा कुणी घेत नाही. ‘दुवार सतराच्या पुढे, मशिदीमागची गल्ली’ एवढं म्हटलं की पाण्याच्या बाटल्यावाल्यापासून शवर्मावाल्यापर्यंत सगळे बरोबर पोचतात. हे गाव १९८४ साली वसलं, नाव तेव्हाच्या युवराजांचं. गावातून एक लांबलचक हमरस्ता जातो आणि त्यावरचे गोल चौक, म्हणजे दुवार, आकड्यांनी ओळखले जातात. गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून गोलाला वळसा घड्याळाच्या उलट, आणि त्या वळशात सगळा भार उजव्या चाकांवर. गाडी जुनी आणि अलाइनमेंट ढिली असली की पुढच्या उजव्या टायरची बाहेरची कड सगळ्यांत आधी गुळगुळीत होते. १९६७ पर्यंत बहरीनमध्येही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक होती. तीच राहिली असती तर डावा टायर झिजला असता, खर्च तेवढाच.

मनामा इथून वीसेक किलोमीटर. लाल बस आहे, पण जुलैच्या दुपारी थांब्यापर्यंत चालत जाणाऱ्याला बस येईपर्यंत नोकरीचा कंटाळा आलेला असतो. तेव्हा गाडी हवीच, आणि पगाराच्या मानाने ती जुनीच परवडते. माझी कोरोला २००९ची. आखातात अशा गाड्या एका परत जाणाऱ्याकडून दुसऱ्या नव्याने आलेल्याकडे जातात. आधीच्या मालकाने डॅशबोर्डवर क्रूस चिकटवला होता. तो काढून नेला, पण उन्हाने भोवतीचं प्लास्टिक विटलं आणि क्रुसाच्या आकाराचा गडद ठसा तेवढा राहिला. माझा गणपती त्याला झाकत नाही, शेजारी बसतो.

अशा गाडीवर खर्च किती करायचा, हा प्रश्न पुण्यात वेगळा असतो. तिथे माणूस गाडीचं वय बघतो, फार तर मुलीचं लग्न बघतो. इथे सगळा हिशेब व्हिसाच्या तारखेवर. पुढचा उन्हाळा आपण इथे काढणार आहोत का? काढणार असू तर शॉकअब्सॉर्बर बदलायचे. नक्की नसेल तर नुसतं ग्रीस, आणि दुवारावर जरा हळू. कंपनीने नूतनीकरणाचे कागद पुढे सरकवले की सल्माबादच्या गॅरेजात गर्दी वाढते, असा माझा आपला अंदाज आहे. तो तपासायला मी गेलेलो नाही.

बाकी क्रम हवा ठरवते. गावाकडे एसी यादीच्या शेवटी, ‘चाललं तर चाललं’ या खात्यात असतो. इथे पारा चाळिसाच्या वर आणि समुद्र कुठूनही फार लांब नाही, त्यामुळे हवेत ओल इतकी की सकाळी काच बाहेरून पुसावी लागते. एसी बंद पडला तर गाडी बंद पडल्यातच जमा. शिवाय एसी आणि इंजिन शेजारी शेजारी घाम गाळतात. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच असतो, म्हणजे कंडेन्सरने तापवलेली हवाच रेडिएटरच्या वाट्याला येते. मध्ये वाळूची बारीक धूळ बसलेली असली, पंख्याची मोटर थकलेली असली, की सिग्नलला उभं राहिल्यावर एसी गरम फुंकायला लागतो आणि पाठोपाठ काटा वर चढतो. माणूस गॅस भरून घेतो. गॅस बहुतेक वेळा शाबूत असतो! पाण्याच्या हलक्या धारेने जाळी धुणं जवळजवळ फुकटचं काम, आणि माझ्या यादीत ते पहिलं आहे. मग पंखा, मग होजपाइप (इंजिन थंड असताना दाबून बघायचे, लिबलिबीत लागला किंवा कुरकुरला तर गेला), मग रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी, जी उष्णतेने पिवळट होऊन एक दिवस चिरते. कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतणारे पैसे वाचवत नाहीत. आतून क्षार धरतो आणि गंज चढतो, आणि ते पैसे रेडिएटर नंतर वसूल करतो.

ब्रेकबद्दल वाद नाही. पॅड सगळे बदलतात, ब्रेक ऑइल मात्र कुणी बदलत नाही. ते हवेतली ओल पितं आणि ओल प्यायलेलं ऑइल तापल्यावर लवकर उकळतं. ओल इथे भरपूर, तापायला दुवारही भरपूर. टायरचं तसंच. नक्षी खोल दिसली म्हणून भुलायचं नाही. कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा, ही त्या रबराची जन्मतारीख. उन्हात उभं राहून रबर न चालताही म्हातारं होतं.

सल्माबादला कुठलाही भाग मागितला की पहिला प्रश्न येतो, ‘अस्ली के तिजारी?’ अस्ली म्हणजे कंपनीचा, तिजारी म्हणजे बाजारातला, आणि तिसरा न विचारलेला पर्याय म्हणजे भंगारातल्या गाडीवरून उतरवलेला. मलयाळी फोरमन, पाकिस्तानी डेंटर, बांगलादेशी इलेक्ट्रिशियन आणि मी, आमची हिंदी कुणाच्याच गावची नसते, पण ‘भाई, इस में मत बचाओ’ हे वाक्य सगळ्यांना येतं. बाजूचा आरसा, दिव्याची काच, दाराचं हँडल, अगदी अल्टरनेटरसुद्धा भंगारातला चालतो. बॉल जॉइंट, होज, ब्रेकची कुठलीही वस्तू चालत नाही. वरून व्हॅट: २०१९मध्ये पाच टक्के, २०२२पासून दहा. आणि डोक्यातल्या डोक्यात चालणारा रुपयांचा गुणाकार हा आपला खास रोग. दिनारात स्वस्त वाटलेला लोअर आर्म रुपयांत घरचा किराणा होऊन बसतो. १९६५मध्ये बहरीनचा दिनार आला तेव्हा तो आखाती रुपयांच्या बदल्यात आला, दहा रुपयांना एक. आता एका दिनाराला दोनशेच्या वर मोजावे लागतात. ही उजळणी कुणाच्या उपयोगाची नाही, पण बिल हातात आलं की होतेच.

कमी पैशांत काय आधी करायचं, ही चिंता फक्त आमच्यासारख्यांची असते असं मला वाटायचं. हमद टाउनच्या दक्षिणेला साखीरचं सर्किट आहे. २००४ साली मध्यपूर्वेतली पहिली फॉर्म्युला वन शर्यत तिथे झाली, आणि २०१४पासून ती दिव्यांच्या उजेडात रात्री होऊ लागली. २०२१पासून या शर्यतींतल्या संघांनाही वर्षाच्या खर्चाला मर्यादा आहे, पहिल्या वर्षी साडेचौदा कोटी डॉलर. म्हणजे नवा पुढचा पंख आधी की नवी तळपट्टी, हे त्यांनाही बसून ठरवावं लागतं. रेड बुलने त्या पहिल्याच वर्षी मर्यादा ओलांडली आणि सत्तर लाख डॉलर दंड भरला. वादातल्या बाबींत कर्मचाऱ्यांच्या जेवणखाणाचा खर्चही होता. हे वाचून मला फार बरं वाटलं. गाडीच्या पाकिटात चहापाण्याचे पैसे मिसळण्याची सवय जगन्मान्य निघाली.

आता सुधारणा. जुन्या गाडीवर हौस करू नये, असं सांगणारे लोक मला जरा कोरडेच वाटतात. मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवा. कुर्ल्याच्या कारखान्यातली ती गाडी. शेवटची टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. दाराला सुतळी बांधलेली असायची, पण आतल्या छताला फुलाफुलांचं रेक्झिन. त्या टॅक्सीवाल्यांना गरज आणि हौस यांतला फरक कळत नव्हता असं कोण म्हणेल? दिवसाचे बारा तास ते त्या छताखाली बसत होते.

आमच्या घरी रिव्हर्स कॅमेऱ्याचा विषय असाच निघाला. मी तो हौसेच्या रकान्यात टाकला होता. बायको म्हणाली, ‘गल्लीत एकदा तू गाडी लाव, मग रकाना सांग.’ तिचं खरं होतं. इथली सरकारी घरं बांधली तेव्हा दारात एखादी गाडी असेल. आता त्याच घरांवर मजले चढलेत, मुलं मोठी झालीत, ज्याची त्याची गाडी आहे, आणि आमच्यासारख्या भाडेकरूंच्या गाड्या उरलेल्या जागेत मागे मागे सरकत शिरतात. त्यात शेजारच्यांची लहान पोरं संध्याकाळी सायकली घेऊन तिथेच. कॅमेरा ब्रेकच्या खालोखाल आला. स्पीकर, अलॉय, सीटकव्हर यांच्याबाबतीत मात्र मी अजून ठाम आहे. निदान बोनसपर्यंत.

राहता राहिला रंग. बॉनेट आणि छतावरचा वरचा थर उन्हाने सोलून पांढुरका झालाय. ‘विकायच्या आधी मार, भाई, चांगली किंमत येईल,’ असं डेंटरचं म्हणणं. म्हणजे जो रंग मी बघणार नाही त्याचे पैसे मी द्यायचे. पासिंगला त्याबद्दल आजवर कुणी हटकलेलं नाही. यंदा व्हिसा दोन वर्षांनी वाढला, म्हणून दोन्ही लोअर आर्म अस्ली टाकले. छताकडे बघायचं तर स्टुलावर चढावं लागतं.