यादीतून गळलेली नावे

आमच्या धर्मग्रामातील युवा नेतृत्व चळवळीच्या संदेशवहनाचे काम आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही ते मोठ्या हौसेने पत्करले. सेमिनरीत सायक्लोस्टाइल यंत्राच्या शाईने हात काळे करून घेतलेल्या माणसाला एका बोटासरशी दोनशे तरुणांपर्यंत पोहोचता यावे, ह्याचे अप्रूप वाटणारच.

व्हॉट्सअ‍ॅपचा गट आम्ही शिस्तीत चालविला. सुप्रभाताची फुले, वाढदिवसाचे केक आणि क्रिकेटवरचे वाद थांबावेत म्हणून केवळ अ‍ॅडमिननाच लिहिता येईल अशी व्यवस्था केली. शिबिराची तारीख, नावनोंदणी, मिस्सेची वेळ, सारे वेळेवर जाई. कोणी वाचले, कोणी नाही, हेही कळे. पावसाळा संपता संपता आम्ही यादी झाडली आणि तीन महिने बैठकीला न आलेली १४ नावे काढून टाकली.

आगमनकाळातल्या एका सायंकाळी फाटकाशी पार्सल आले. आणणारा त्या चौदांपैकीच एक. ओटीपी विचारून झाल्यावर तो म्हणाला, "फादर, मला ग्रुपमधून काढलंत का?" रविवारी दुपारपासून रात्री दहापर्यंत त्याची पाळी, आमची बैठक सायंकाळी पाचला. "सकाळच्या मिस्सेनंतर ठेवा असं सांगायचं होतं, पण तिथं लिहिताच येत नव्हतं." पाठीवरची पिशवी सावरीत तो गेलाही.

आम्हांला खासगीत कळविता आले असते, असे क्षणभर मनात आले. पण प्रमुख धर्मगुरूंना आपणहून लिहायला १९ वर्षांच्या मुलाला किती धीर लागतो! हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावर आम्ही त्याच वर्षी प्रवचन केले होते. येथे मेंढरू हरवले नव्हते. आम्हीच ते कळपाबाहेर घातले होते.

ज्यांच्या शिकवणुकीवर आमची शिबिरे चालतात, ते बेल्जियमचे जोसेफ कार्डाइन (१८८२–१९६७) सेमिनरीतून सुटीवर घरी आले, तेव्हा कारखान्यात गेलेले त्यांचे सवंगडी त्यांना दुरावले होते. ती जखम ते विसरले नाहीत. १९२५ मध्ये त्यांची ख्रिस्ती तरुण कामगारांची चळवळ उभी राहिली. 'पाहा, पारखा, कृती करा' ही तिची रीत. पोप तेविसावे जॉन ह्यांनी १९६१ च्या 'मातेर एत माजिस्त्रा' ह्या परिपत्रकात तिचा पुरस्कार केला. त्या रीतीत छोट्या बैठकीत तरुण कामगार आधी आपल्या कामाचे, घरचे सांगतो, धर्मगुरू ऐकतो. आम्ही 'पाहा' हा शब्द फळ्यावर लिहीत होतो आणि निळ्या खुणा मोजण्यालाच पाहणे समजत होतो.

त्या रात्री गटाचे कुलूप काढले. चौदाही जणांना एकेक करून फोन लावले; नऊ जणांनी उचलले. एकीच्या आईची केमोथेरपी चालू होती. चर्चपासून चार घरांवर राहत असूनही आम्हांला ते ठाऊक नव्हते.

फुले आणि केक पुन्हा सुरू झाले आहेत, क्रिकेटही. सकाळच्या मिस्सेनंतरच्या पहिल्या बैठकीला सहा जण होते. तो मुलगा नव्हता. त्याची पाळी बदलली होती. तसे त्याने गटात लिहून कळविले होते.