तांब्याभर पाणी

सायकलवरून एकट्याने भटकण्याचे माझे वेड घरात कुणालाच मान्य नाही. "चाळिशी उलटली, आता तरी एस.टी.ने जा," असे सौभाग्यवतींनी दर मे महिन्यात म्हणावे आणि मी मुकाट्याने टायरात हवा भरावी, हा आमचा नेम. एस.टी.तून नुसते गाव दिसते. सायकलवरून गावची कुत्रीसुद्धा ओळखीची होतात, एवढेच माझे समर्थन.

२०१९ च्या मे महिन्यात त्र्यंबकेश्वर मागे टाकून मी मोखाड्याच्या वाटेला लागलो. कादंबरीसाठी 'वातावरण' हवे होते, हे कबूल केलेले बरे. त्र्यंबकच्या डोंगराच्या एका अंगाने गोदावरी पूर्वेला निघते, दुसऱ्या अंगाने वैतरणा पश्चिमेला. या वैतरणेवर १९५७ साली मोडकसागर झाला, २०१४ साली मोखाडा तालुक्यातच मध्य वैतरणा धरण झाले. दोन्हींचे पाणी मुंबईला जाते. भूगोलाच्या तासाला हे मी अनेकदा फळ्यावर लिहिले आहे.

पाडा डांबरी रस्त्यापासून आत होता. पंधरा-वीस घरे, कारवीच्या कुडाच्या शेणामातीने सारवलेल्या भिंती, अंगणात वाळत घातलेली मोहाची फुले. भिंतींवर चित्रे मात्र नव्हती. ती लग्नाच्या वेळी सवाशिणी काढतात, हे मी विसरलो होतो. आमच्या बैठकीतल्या पडद्यावर वारली बारा महिने नाचत असतात ना!

ओट्यावरच्या बाईने तांब्याभर पाणी दिले. "बस गुरजी, पी," ती म्हणाली. अहो-जाहोची भानगड तिकडे नाही. मी अर्धा तांब्या प्यालो, उरलेले पाणी तोंडावर मारले, मानेवर ओतले. केवढे बरे वाटले! डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडे पाहत नव्हती. जमिनीत जिरणाऱ्या ओल्या डागाकडे पाहत होती. बोलली काहीच नाही.

मग विहीर पाहिली. तळाशी उतरलेली एक मुलगी झऱ्याचे पाणी वाटीने हंड्यात भरत होती आणि काठावर रिकाम्या हंड्यांची रांग लागली होती. तो एक हंडा भरायला माझ्या घड्याळाने चाळीस मिनिटे लागली. पावसाळ्यात शंभर इंच पाऊस झेलणारा हा मुलूख!

आता दुसरी कबुली. त्याच पाड्यावरचा एक मुलगा आदल्या वर्षी माझ्या वर्गात होता. नाशकात मामाकडे राहायचा. एकदा मी त्याला भर वर्गात उभे करून म्हणालो होतो, "शर्ट धुवायला पाणी मिळत नाही का रे तुमच्याकडे?" वर्ग खूप हसला. मीही हसलो. दिवाळीच्या सुटीनंतर तो आलाच नाही. त्याला शोधायला मी निघालो होतो असे म्हणणे खोटे ठरेल. पण हजेरीपटावरचे पाड्याचे नाव लक्षात राहिले होते, हेही खरे.

बाईकडे चौकशी केली. "भट्टीवर गेलंय घर सगळं. पावसाला येतील."

मला हायसे वाटले. दिवाळी झाली की इकडची कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, पोरांच्या शाळा सुटतात, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे कारण भट्टीचे होते, माझे नव्हते. मी तसे बोलूनही दाखवले, "शाळा बुडते हो मग पोरांची."

"बाप त्याला मामाकडंच ठेवीत होता," ती म्हणाली. "पोरच नाय बोलला."

मी सायकलची चेन तपासली. ती ठीक होती. तरी हात काळे करून घेतले, आणि ते धुवायला पाणी मागायची छाती झाली नाही.

"आला की सांग, गुरुजी येऊन गेले."

"कंचं गुरजी सांगू?"

मी नाव सांगितले. तिला ते काही धरता येईना. शेवटी म्हणालो, "शर्टाचे गुरुजी म्हण. ओळखेल तो."

"शर्टाचं गुरजी," तिने लक्षात राहावे म्हणून दोनदा म्हटले आणि रिकामा तांब्या उचलून ती आत गेली. पुढे चढ होता. मी सायकल हातात धरूनच निघालो.