खोली नव्हे, गल्ली बुक करा!

पहिली युरोपवारी, तीही पॅरिसची आणि तीही दोघांचीच. मग हॉटेल कुठलं? आमच्या घरात यावर तीन आठवडे शीतयुद्ध चाललं. ते कसं मिटलं, त्याची ही गोष्ट.

‘अगं, हॉटेलात काय, झोपायलाच तर जायचंय!’

आमच्या पॅरिस ट्रिपचं पहिलं भांडण या वाक्यावरून झालं, तेही मुंबईत, रात्री साडेअकराला, डायनिंग टेबलावर. एका बाजूला नवरोबांची एक्सेल शीट, दुसऱ्या बाजूला माझ्या लॅपटॉपवर उघडलेले सत्तावीस टॅब्ज. त्याचं हॉटेल रात्रीला ८५ युरो, शहराच्या वेशीबाहेर. माझं ३१० युरो, खिडकीतून थेट आयफेल टॉवर. युरो तेव्हा शंभर रुपयांकडे सरकत होता. म्हणजे माझी खिडकी रोजची एकतीस हजारांना! नवरोबांनी चष्मा काढून पुसला. हा चष्मा पुसायला लागला की समजायचं, विषय गंभीर आहे.

थोडं मागचं सांगते, नाहीतर एवढं भांडण्यासारखं काय होतं, असं तुम्हाला वाटेल. आमचा हनीमून झाला महाबळेश्वरला, तीन दिवस, कारण चौथ्या दिवशी याचं प्रोजेक्ट लाइव्ह जाणार होतं. पुढच्या वर्षी नक्की कुठेतरी लांब जाऊ, असं म्हणत सहा वर्षं गेली. मग २०२४ मध्ये सासरे आजारी पडले. सात महिने आम्ही दोघं एकमेकांना हॉस्पिटलच्या पार्किंगमध्येच भेटायचो. मी डबा द्यायची, तो रिपोर्ट्सची फाइल द्यायचा, ‘जेवलास का?’ ‘जेवलो,’ संपलं. ऑक्टोबरमध्ये बाबा गेले. चौदाव्या दिवशी हा ऑफिसला गेला आणि त्यानंतर त्या विषयावर एक शब्द बोलला नाही. जानेवारीतल्या एका रविवारी मात्र अचानक म्हणाला, ‘कुठेतरी जाऊया. आपण दोघंच.’

त्यामुळे हे सहा रात्रींचं हॉटेल माझ्यासाठी नुसतं झोपायचं ठिकाण नव्हतं. त्याच्यासाठीही नव्हतं, फक्त त्याला ते माहीत नव्हतं.

गोगलगायीचा नकाशा

पॅरिसमध्ये हॉटेल शोधायचं तर आधी शहराची रचना कळायला हवी. १८६० पासून शहराचे वीस विभाग आहेत, त्यांना ‘आरोंदिस्माँ’ म्हणतात. पहिला विभाग मध्यभागी, लूव्र म्युझियमचा. तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आकडे गोल गोल बाहेर जातात, अगदी गोगलगायीच्या शंखासारखे. ढोबळ हिशोब सोपा, आकडा लहान तर मध्य जवळ. पण सातव्या आणि अकराव्याचा स्वभाव अगदी वेगळा, एवढं लक्षात ठेवायचं.

आणि एक भन्नाट युक्ती. हॉटेलच्या पत्त्यातला पिनकोड बघा. ७५ ने सुरू होत असेल तर ते खरं पॅरिस, आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे विभाग. ७५००५ म्हणजे पाचवा. ७५ नसेल तर नावात चारदा ‘पॅरिस’ असलं तरी ते शहराबाहेर! नवरोबांचं ८५ युरोवालं हॉटेल इथेच पकडलं गेलं. ते होतं ‘पेरिफेरिक’ या रिंग रोडच्या पलीकडे. आपल्याकडे नाही का, कर्जतच्या पुढच्या प्लॉटलाही ‘मुंबईपासून हाकेच्या अंतरावर’ म्हणतात, तसंच.

‘पण स्वस्त आहे ना? मेट्रो आहे ना?’ याचा युक्तिवाद. आणि तिकिटाच्या बाबतीत तो बरोबरही होता. २०२५ च्या जानेवारीपासून पॅरिस परिसरात मेट्रो आणि उपनगरी रेल्वेचं एकच सरसकट तिकीट झालं, तेव्हा २.५० युरोंचं. लांब राहिलात म्हणून भाडं जास्त पडत नाही. मग मी त्याच्याच शीटमध्ये एक कॉलम वाढवला, ‘वेळ’. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, सहा दिवस. नऊ तास! म्हणजे ऑफिसचा एक अख्खा दिवस, तोही रजेतला. एरवी आपण बोरिवली-चर्चगेट करतोच की. तेच करायला सात हजार किलोमीटर कशाला जायचं?

त्यानेही लगेच माझ्या हॉटेलचा हिशोब मांडला. मधल्या एका हॉटेलचा दर १४० युरो होता. फरक रात्रीला १७०, सहा रात्रींचे १०२०. ‘एक लाखाची खिडकी,’ तो म्हणाला. ‘आणि दिवसभर आपण बाहेर. टॉवर काय रिकाम्या खोलीकडे बघत बसणार?’

मी गप्प. खरंच होतं ते.

स्टेशनजवळ की बाजाराजवळ?

ऑफिसातल्या मैत्रिणीने सुचवलं, गार द्यू नोर स्टेशनच्या आसपास राहा. पर्याय वाईट नव्हता. एअरपोर्टहून येणारी ‘बी’ लाइन थेट तिथे थांबते. लंडनची युरोस्टार तिथूनच सुटते. पलीकडच्या ला शापेल भागात श्रीलंकेच्या तमिळ लोकांची वस्ती आहे. डोसा आहे, साडीची दुकानं आहेत आणि गणपतीचं मंदिरसुद्धा आहे. तिथली रथयात्रा दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस निघते आणि रस्त्यावर नारळ फुटतात. ज्यांना तिसऱ्या दिवशी भातावाचून चैन पडत नाही, त्यांनी जरूर विचार करावा. पण मोठ्या स्टेशनचा परिसर तो स्टेशनचाच. रात्री अकराला हातात हात घालून रमतगमत परत यायची ती जागा आहे, असं मला वाटेना.

शेवटी तह झाला पाचव्या विभागावर, र्यू माँज नावाच्या रस्त्याजवळ. तीन स्टार, १४० युरो. मेट्रोचं स्टेशन तीन मिनिटांवर, नोत्र दाम चालत पंधरा मिनिटांवर. चौकात बुधवार, शुक्रवार आणि रविवारी सकाळी भाजीबाजार. मागे मूफ्तार ही रोमन काळापासूनची उताराची गल्ली, चीज, फळं आणि पावाच्या दुकानांनी भरलेली. तिला लागूनच्या एका गल्लीत जॉर्ज ऑर्वेल १९२८-२९ मध्ये एका स्वस्त लॉजमध्ये राहायचा आणि तिथल्या ढेकणांबद्दल त्याने पुढे पुस्तकात लिहिलं. हे वाचून नवरोबा खूश. ‘बघ, स्वस्त हॉटेलमध्ये राहूनही माणूस मोठा होतो!’

चौदा मीटरचा महाल

मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही पोचलो. ‘बी’ लाइनने लुक्साँबूरला उतरलो आणि पाँतेओंच्या टेकाडावरून बॅगा खडखडवत पंधरा मिनिटं चाललो. नकाशात चढ दिसत नाही, हा पहिला धडा. चेक-इन दुपारी तीनला, हा दुसरा. बॅगा मात्र त्यांनी ठेवून घेतल्या.

दुपारी खोली बघितली आणि आम्ही दोघं हसायलाच लागलो. फ्रान्समध्ये हॉटेलच्या स्टारसाठी खोलीचा किमान आकार ठरलेला असतो. तीन स्टारच्या डबल रूमला बाथरूम धरून साडेतेरा चौरस मीटर पुरतात. म्हणजे आपले १४५ चौरस फूट! एकाची बॅग उघडली की दुसऱ्याने पलंगावर चढायचं. पलंगही फ्रेंच डबल, रुंदी १४० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम चार फूट सात इंच. लिफ्टमध्ये दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक बॅग. चहाची किटली नाही. पण खिडकी आतल्या चौकाकडे उघडायची. बुकिंगच्या वेळी मी मुद्दाम ‘स्युर कूर’ म्हणजे चौकाच्या बाजूची खोली मागितली होती. व्ह्यू शून्य, पण शांतता अशी, की पहाटे समोरच्या घरात कपबशी वाजलेली ऐकू यायची.

दुसऱ्या दिवशी मात्र खरी परीक्षा झाली. सकाळभर लूव्र, मग नदीकाठाने चालत नोत्र दाम. २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं, त्यामुळे ही रांग! रांगेत उभ्या-उभ्या याचा चेहरा एकदम उतरला. जेट लॅग, उन्हं, आणि बहुतेक गेल्या वर्षाची सगळी साठलेली झोप. म्हणाला, ‘मला घरी जायचंय.’

घरी म्हणजे हॉटेलवर. पण शब्द तोच आला.

वेशीबाहेरच्या हॉटेलात असतो तर काय केलं असतं? कुठल्यातरी बाकावर बसून, पाणी पिऊन, ‘आता एवढ्या लांब आलोय तर बघूनच जाऊ’ म्हणत दिवस ढकलला असता. आपण सगळे असंच करतो. इथे पंधरा मिनिटांत खोलीवर होतो. तो जो झोपला तो साडेपाचपर्यंत. मी खालून पीच आणि पाव आणला आणि खिडकीत बसून राहिले. पॅरिसमध्ये तीन तास काहीही न बघता! मला जराही वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी उजेड भरपूर होता. मे महिन्यात तिथे सव्वानऊ-साडेनऊपर्यंत सूर्य मावळत नाही. चालत पाच मिनिटांवर आरेन द ल्युतेस आहे, पहिल्या शतकातलं रोमन खुलं रंगमंडळ. १८६९ मध्ये र्यू माँज बांधताना ते सापडलं. पुढे ते पाडायची वेळ आली तेव्हा व्हिक्तर ह्यूगोने १८८३ मध्ये पालिकेला पत्र लिहून ते वाचवा म्हणून सांगितलं. तिकीट नाही, गर्दी नाही. खाली मातीत काही म्हातारे लोखंडी गोळ्यांचा ‘पेताँक’ खेळत होते. एकाचा नेम चुकला की बाकीचे जोरात चिडवायचे.

आम्ही दगडी पायऱ्यांवर बसलो होतो. बराच वेळ बघून नवरोबा म्हणाला, ‘बाबा गोट्या असेच खेळायचे. नेम चुकला की समोरच्यालाच रागवायचे.’

आणि मग तो बोलत राहिला. गिरगावातली चाळ, बाबांची सायकल, शेवटच्या आठवड्यात बाबा त्याला काय म्हणाले होते ते. सात महिन्यांनी, पहिल्यांदा. मध्येच रडला. मी काही बोलले नाही, उरलेलं पीच त्याच्या हातात दिलं. बाग बंद व्हायच्या वेळेला आम्ही उठलो आणि चालत ‘घरी’ आलो.

आयफेल? बघितला ना! चौथ्या रात्री, त्रोकादेरोच्या गच्चीवरून, एक पैसाही न देता. अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं तो लखलखतो. त्यानंतर सहा नंबरच्या मेट्रोने परत निघालो. ती बिर-आकेमच्या पुलावरून सीन नदी ओलांडते आणि टॉवर पुन्हा एकदा खिडकीत येतो. माझी एक लाखाची खिडकी मला एका तिकिटात मिळाली. नवरोबांनी विजयी मुद्रेने चष्मा पुसला, यावेळी नुसताच पुसला.

आता घरी पुढच्या ट्रिपची एक्सेल शीट उघडली आहे, लिस्बनची. त्यात दराच्या आधी त्याने स्वतःहून एक कॉलम टाकलाय: ‘दुपारी परत येता येईल का?’

बुकिंगचं बटण दाबण्याआधी...

• व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग करा. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पुरावा लागतो आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमाही. ‘नॉन-रिफंडेबल’च्या मोहात पडू नका.

• दराशिवाय शहराचा पर्यटक कर वेगळा, माणशी आणि प्रत्येक रात्रीचा. २०२४ पासून तो चांगलाच वाढलाय. दोघांचा, सगळ्या रात्रींचा हिशोब आधीच धरा.

• जुन्या इमारतींमध्ये लिफ्ट आणि एसी गृहीत धरू नका. २५ जुलै २०१९ ला पॅरिसमध्ये ४२.६ अंश तापमान होतं! जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर एसी आहे का, ते विचाराच.

• बहुतेक मेट्रो स्टेशनांवर जिनेच आहेत. दोघांत मिळून एक मोठी बॅग पुरते.

• हॉटेलचा ब्रेकफास्ट घ्यायलाच हवा असं नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीत कमी पैशांत ताजा क्रोसाँ मिळतो, आणि गल्लीशी ओळखही होते.